ठराविक मजकूर

गॅसवाल्यांनी रस्ता खणून ठेवला नसता तर आन्सेल्म व्हेर्शेर त्या संध्याकाळी पलीकडच्या फुटपाथवर गेलाच नसता. इतकी वर्षं तो लियोंच्या एने भागातल्या आपल्या घरातून निघून बेलकूर चौकापर्यंत चालत जायचा तो रस्त्याच्या अलीकडच्या बाजूने, कारण अलीकडे जुन्या कागदांचं दुकान होतं आणि ते बंद असलं तरी काचेला नाक लावल्याशिवाय त्याचा पाय पुढे पडत नसे. पलीकडची बाजू त्याला कधीच आवडली नव्हती. तिथे सगळी नटवी दुकानं, पडद्यांची, गाद्यांची, पितळी कड्यांची, आणि त्यांच्यात मादाम शाझालचं ते लॅम्पशेडचं दुकान, ज्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं. लॅम्पशेडवाल्यांशी त्याचं जुनं वैर. रविवारी सकाळी कालव्याकाठच्या जुन्या बाजारात ही माणसं यायची, चर्मपत्रांचा गठ्ठा न सोडता, न वाचता, दोन बोटांनी कातड्याची जाडी तेवढी चाचपून उचलायची आणि घरी नेऊन कात्री चालवायची. कुणाचं गहाणखत, कुणाच्या पिठाच्या गिरणीचा भाडेकरार, कुणा विधवेच्या घरातल्या भांड्याकुंड्यांची मोजदाद, सगळं तारेवर ताणायचं आणि मागे बल्ब लावायचा. मग त्या पिवळ्या उजेडात कुठलातरी दंतवैद्य सोफ्यावर पाय पसरून टीव्ही बघणार. आन्सेल्मला हे बोलून दाखवायलाही शिसारी यायची, तरी तो दर भेटीत बोलून दाखवायचाच.

नोव्हेंबरचे दिवस होते, पाचलाच अंधारून आलं होतं, आणि सोन नदीवरून चढलेलं धुकं गल्ल्यांतून आत घुसत होतं. दुकानाच्या काचेत एका ठेंगण्या लाकडी खांबावर एकच दिवा लावलेला होता. आधी त्याला अक्षर दिसलं. ओळखीचा माणूस लांबून चालीवरून ओळखू येतो, तोंड नंतर दिसतं, तसं झालं. उजवीकडे कललेलं, घाई नसलेलं अक्षर, ओळीखाली लोंबणाऱ्या लांब शेपट्या, प्रत्येक नव्या कलमाच्या सुरुवातीला शाई जरा जास्त घेतलेली. नोटरी पोन्सेचा कारकून. सतराशे अडुसष्ट. मग डाव्या कडेचा मेणबत्तीचा वाटाण्याएवढा डाग दिसला, आणि मग घडीवर चिकटवलेली पातळ कागदाची पट्टी, जी त्याने स्वतः, आपल्या हाताने, आर्लेतच्या स्वयंपाकघरात बसून कणकेच्या खळीने चिकटवली होती. आर्लेत त्याची बायको. ती तेव्हा जिवंत होती आणि तिच्या पातेल्यात खळ शिजवली म्हणून कुरकुरत होती. हा लग्नाचा करारनामा त्याने आपल्या मुलीला, सोलेनला, तिच्या लग्नात भेट दिला होता.

तो काचेला हात टेकून उभा राहिला. पण नवल म्हणजे त्याला पहिला राग मुलीचा आला नाही. पहिला राग आला तो शेड बांधणाऱ्याचा. कारण सही मागे गेली होती. सहीखाली पोन्सेने काढलेली ती गुंतवळ, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, टाक न उचलता एका दमात काढलेली आणि शेवटी तीन ठिपके, ती पार मागच्या बाजूला होती, भिंतीकडे तोंड करून, आणि मागच्या आरशात तिचा तुकडा तेवढा उलटा दिसत होता. खोटी सही करणाऱ्याचा हात तिथे थकावा म्हणून ते जुने नोटरी ती गुंतवळ काढत, आणि पोन्सेसारखी गुंतवळ सगळ्या लियों परगण्यात दुसऱ्या कुणाची नव्हती. तिच्यासाठी तर त्याने तो करारनामा घेतला होता. आणि रस्त्याकडे काय ठेवलं होतं? कुठल्याही करारात असतात त्या चार रटाळ ओळी. एखाद्या गाढवालासुद्धा कळलं असतं की दर्शनी भाग कोणता.

दार ढकलून तो आत गेला. आत गोंदाचा आणि तापलेल्या कापडाचा वास होता. मादाम शाझाल चष्मा कपाळावर चढवून एका रिंगणाला फीत शिवत होती.

"नमस्कार, मादाम. काचेतला तो दिवा."

"नमस्कार. तो विकायचा नाहीये."

"मग काचेत कशाला ठेवलाय? लोकांना जळवायला?"

बाई हसली. "ठेवायला सांगितलाय म्हणून ठेवलाय. कातडं गिऱ्हाइकाचं होतं. मी फक्त बांधून दिलं."

"कोणत्या गिऱ्हाइकाचं?"

"ते मी कसं सांगू? तुम्ही उद्या काही आणून दिलंत तर तुमचं नाव सांगत फिरू का मी?"

"निदान बांधताना डोकं तरी चालवायचं. सही मागे गेलीय. अख्ख्या कातड्यात बघण्यासारखी गोष्ट ती एक."

"मला जसं सांगतात तसं मी बांधते, मुस्यू." तिने फितीचा दोरा दातांनी तोडला. "तुम्हाला वाचता येतं वाटतं? मला सांगा तरी काय लिहिलंय समोर. लोक विचारतात, मी आपली काहीतरी ठोकून देते."

"समोर काही नाही," आन्सेल्म म्हणाला. "ठराविक मजकूर. सगळ्या करारांत असतो."

बाहेर आल्यावर तो बेलकूरकडे गेलाच नाही. उलटा वळून नदीकाठी आला आणि कठड्याशी उभा राहून खालचं काळं पाणी बघत राहिला. विकला. माझ्या मुलीने विकला. आणि कुणाला, तर यांना. त्याला वाटलं होतं तो करारनामा तिच्या घरी आहे, मोठ्या खोलीत, पियानोच्या वर. निदान पूर्वी तिथे होता. मग तिने भिंती रंगवल्या आणि काही काळ तिथे खिळा तेवढा दिसत होता, आणि त्याने विचारलं नाही, कारण रंग वाळेपर्यंत चौकटी काढून ठेवतात हे कुणालाही माहीत असतं. रंग वाळायला किती वर्षं लागतात याचा हिशेब त्याने कधी केला नव्हता. महिन्यातून एकदा तो तिच्याकडे रविवारी जेवायला जायचा, मटण, घेवडा, चीज, साखरेत घोळलेल्या बदामांचं लाल टार्ट, जावई यान आणि त्याचं सायकलपुराण, आणि सोलेन त्याच्यासमोर बसून सभ्यपणे विचारायची, नवीन काय मिळालं, पपा? तो सांगायचा. ती ऐकायची. एखाद्या पाहुण्याचं ऐकावं तसं ऐकते असं त्याला कधीकधी वाटायचं, पण शिक्षिका आहे, दमत असेल, असं म्हणून तो ते सोडून द्यायचा.

ती नऊ वर्षांची असताना त्याने तिला ही जुनी अक्षरं वाचायला शिकवली होती. स्वयंपाकघरातल्या मेणकापडावर कागद पसरायचा, तिच्या नखांखालचा मळ बघायचा, हात धुऊन ये म्हणायचं. माल वाहून नेणाऱ्या गाड्यांबरोबर द्यायच्या त्या चिठ्ठ्यांपासून सुरुवात केली होती, कारण त्या छोट्या आणि सोप्या. देवाच्या भरवशावर आणि अमुक गाडीवानाच्या हवाली, चार गाठोडी रेशीम, कोरडी आणि सुस्थितीत. तिला ते देवाच्या भरवशावर फार आवडलं होतं, शाळेत जाताना दारात ती ते म्हणायची. थिबोला, तिच्या धाकट्या भावाला, त्याने दोनदा बसवून पाहिलं, पण पोरगं खिडकीबाहेर बघायचं. सोलेन मात्र वर्षभरात त्याच्याच वेगाने वाचायला लागली, पुढे पुढे त्याच्यापेक्षाही, आणि करारांतला तो सततचा सदर, सदर जमीन, सदर विक्रेता, सदर विहीर, घरातला खेळ होऊन बसला. सदर पपांनी सदर मीठ इकडे द्यावं. सदर आईने सदर मुलीला सदर पालक खायला लावू नये. आर्लेत वैतागायची. आन्सेल्मला एवढं सुख पुढे कशातच मिळालं नाही, आणि हे त्याला माहीत होतं, आणि म्हणूनच छातीच्या डॉक्टरने मागच्या महिन्यात तोंड वाकडं केल्यापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. सगळा संग्रह सोलेनला. भिंतभर पेट्या, हुंड्या, भागीदारीचे करार, जहाजांचे विमे, मृत्युपत्रं, सगळं तिच्या नावे. डिसेंबरात नोटरीकडची वेळही घेऊन ठेवली होती. आणि आता हा दिवा.

गुरुवारी कागदवाल्यांची बैठक असायची, स्टेशनाजवळच्या एका कॅफेच्या मागच्या खोलीत. कुणी फक्त लाखेच्या मोहरा जमवणारा, कुणी फक्त तुरुंगांचे कागद, आणि लुसियाँ बोनार्देल, जो काहीही जमवायचा आणि सगळ्यांची टर उडवायचा. तिथे प्रत्येकजण नवीन कागद आधी दिव्यासमोर धरायचा, आतलं पाणचिन्ह बघायला, मग वास घ्यायचा, मग अक्षराबद्दल बोलायचा. काय हात आहे. काय ओढ आहे शाईला. मजकूर कुणी वाचत नसे असं नाही, पण लिहिणारा काय म्हणतो याला, तो त्या दिवशी काय जेवला होता एवढंच महत्त्व. कुणी दिवाळखोर झालं, कुणाचं पोर मेलं, सगळं त्याच सुरात वाचून दाखवलं जायचं आणि वर म्हटलं जायचं, पण बघ, त्याचा कारकून कसला भारी.

"लॅम्पशेड?" लुसियाँ म्हणाला, आणि खदाखदा हसला. "अरे, मग नशीबवान आहेस. माझ्या मुलाने रद्दीचा डबा आत्ताच हेरून ठेवलाय. मी मेलो की प्रेत आणि पेट्या एकाच लिफ्टने खाली."

"तुझी पोरं गाढव आहेत. सोलेनला वाचता येतं."

"तेच तर. ज्यांना वाचता येत नाही ते फेकतात. जिला येतं तिने विकलं, म्हणजे वाचून विकलं. काय होतं रे त्यात?"

"लग्नाचा करार. अंथरुणं, कथलाच्या थाळ्या, एक गाय. ठराविक."

"मुलीच्या लग्नात गाय दिलीस कागदावर आणि थिबोला बोजोलेतलं घर खरंखुरं," लुसियाँ म्हणाला. "मीसुद्धा विकला असता." सगळे हसले. आन्सेल्मही हसला. पण कॉफी त्याला अर्धीच गेली.

कारण लग्नाचा दिवस त्याला पक्का आठवत होता. जून महिना, मांडवाखालची लांब टेबलं, शेवटचं गोड यायच्या आधी त्याने चमच्याने पेला वाजवला आणि उभा राहिला. त्या वर्षी सोलेनला काय द्यायचं यावर आर्लेतने डोकं खाल्लं होतं. ती म्हणत होती, काहीतरी वापरायचं दे, चादरी दे, भांडी दे, आणि शेवटी एकदा, पाठमोरी असताना, म्हणाली होती, तुझं काहीतरी दे, तुझ्या कपाटातलं नको. त्याला त्याचा अर्थ लागला नव्हता. कपाटातलं ते त्याचं नव्हतं तर कुणाचं होतं? त्याने सगळ्यांत सुंदर कागद निवडला. मांडवात त्याने तो चौकटीसकट छातीशी धरून वाचून दाखवला. सदर क्लोदिन, द्राक्षमळेवाल्याची मुलगी, हिला तिच्या आईबापांकडून सहा चादरी, एक पेटी कुलुपासकट, कथलाच्या थाळ्या, आणि तांबडी गाय वेतासकट. पाहुणे गायीला फार हसले. यानचा भाऊ हंबरला. मग त्या चार ओळी आल्या, आणि त्याने हात हवेत फिरवला, पुढे ठराविक मजकूर आहे म्हणाला, आणि चौकट फिरवून सगळ्यांना पोन्सेची गुंतवळ दाखवली. टाळ्या पडल्या. सोलेन उभी राहिली आणि तिने चौकट हातात घेतली, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती, वाचत होती. त्याला अभिमान वाटला होता. लग्नाच्या झग्यात उभी राहून वाचते आहे, असं तो शेजारणीला म्हणालासुद्धा.

आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोजोलेतलं घर थिबोला दिलं होतं. ते तसं सरळ होतं. थिबोला तिथे द्राक्षमळा करायचा होता, सोलेन शहरात स्थिरावली होती, एका घराचे दोन तुकडे करण्यात अर्थ नव्हता. पुढे भांडण नको म्हणून नोटरीने सोलेनची सही घ्यायला सांगितलं. आन्सेल्मने फोनवर तिला वेळ सांगितली, कोणत्या मजल्यावर यायचं ते सांगितलं. ती आली. नोटरीने तिला विचारलं, तुम्हाला समजलं आहे ना, तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना, आणि ती नाही म्हणाली आणि सही केली. त्या सहीचं त्याला एवढंच आठवत होतं की ती वाईट होती. नुसतं नाव, शाळेतल्यासारखं, खाली एक रेघसुद्धा नाही. एवढी अक्षरं वाचली पोरीने आणि स्वतःची सही असली, असं त्याला तेव्हा वाटून गेलं होतं.

एप्रिल आणि जून. या दोन गोष्टी त्याच्या मनात इतकी वर्षं दोन वेगळ्या पेट्यांत होत्या आणि त्या मूर्ख लुसियाँने त्या एका टेबलावर मांडल्या. ट्रामच्या थांब्यावर उभं राहून आन्सेल्म स्वतःला समजावत राहिला. योगायोग. शिवाय ती हुशार आहे, तिला माहीत आहे की हुंडा घेणाऱ्या प्रत्येक मुलीकडून ते लिहून घ्यायचे, सगळ्या करारांत असतं ते, कारकून डोळे मिटून लिहायचा. ठराविक मजकुराला अर्थ नसतो. हे मनात म्हणताना मात्र त्याला आपल्याच आवाजाचा वीट आला, कारण नोकरीतली सगळी वर्षं त्याने विमा कंपनीत बरोबर याच्या उलट बोलत काढली होती. जळक्या घरांतून फिरायचं, ओल्या राखेचा वास अंगाला चिकटायचा, आणि बाई कोट पांघरून अंगणात उभी असायची, आणि तिला सांगायचं, मादाम, हे कलमात होतं. छापलेलं होतं. वाचायला हवं होतंत. एक बाई म्हणाली होती, असलं कुणी वाचतं का हो? तो म्हणाला होता, तुमची सही आहे.

शनिवारी तो न कळवता सोलेन राहायची त्या क्रुआ-रूसच्या टेकडीवर चढला. वाटेत तीनदा थांबावं लागलं. सोलेनने दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला कांद्याच्या पातीचा वास होता आणि मागे टेबलावर तपासायच्या वह्या पसरल्या होत्या.

"पपा? काय झालं? फोन तरी करायचास."

"शाझालबाईच्या काचेत दिवा पाहिला."

तिने हात हळूहळू फडक्याला पुसले. "कधी?"

"मंगळवारी."

"या मंगळवारी?" ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "तो दोन वर्षं तिथे आहे. तुझा रोजचा रस्ता आहे तो."

"मी अलीकडच्या बाजूने जातो. कागदांच्या दुकानाच्या."

"अलीकडच्या." ती खुर्चीवर बसली. "हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी रोज वाट बघायची. पहिल्या महिन्यात तर फोन वाजला की वाटायचं, हा तूच."

"किती दिले तिने तुला?"

"मीच तिला दिले, बांधायचे. आणि काचेतल्या जागेसाठी दर नाताळात एक पेटी वाइन. थिबोची."

आन्सेल्मला बसावंसं वाटत होतं पण कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि मुलीच्या घरात बस म्हणण्याची वाट बघावी लागते हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. "निदान सही तरी समोर ठेवायचीस," तो म्हणाला. "त्या बाईला काय कळतं? पोन्सेची गुंतवळ भिंतीकडे."

"मी सांगितलं तिला तसं. मी शेजारी उभी राहून खडूने खूण करून दिली. समोर काय आहे, पपा?"

"कारकुनाचं अक्षर. ती शेपटी बघ—"

"अक्षर नाही विचारत. काय लिहिलंय?"

"ठराविक मजकूर."

"वाच."

"मी काय बरोबर घेऊन आलोय?"

"तुला पाठ आहे."

त्याला पाठ होतं. तो खाली मेणकापडाकडे बघत, भरभर, चर्चमध्ये म्हणतात तसं म्हणाला, "आणि सदर हुंड्याच्या मोबदल्यात सदर क्लोदिन ही आपल्या आईबापांच्या सर्व मालमत्तेवरचा, आजच्या आणि पुढच्या, हक्क राजीखुशीने आणि कायमचा सोडत आहे, आणि यापुढे ती त्यांच्याकडे काहीही मागणार नाही."

शेगडीवर सूप उकळत होतं. झाकण थडथडत होतं आणि ती उठून ते सरकवायला गेली नाही.

"एप्रिलमध्ये सही घेतलीस," सोलेन म्हणाली, "आणि जूनमध्ये हे चौकटीत घालून दिलंस. दीडशे माणसांसमोर."

"योगायोग आहे तो. सोलेन, त्या काळच्या सगळ्या मुलींच्या करारात ते असायचं. मी सहीसाठी घेतला होता. देवाशपथ."

"माहीत आहे." ती अगदी शांतपणे बोलत होती. "तेच सांगते. मला घर नको होतं. तू विचारलं असतंस तर मी तेच म्हणाले असते. तू फोनवर मजला सांगितलास. आणि मग हे दिलंस, आणि मला वाटलं, पपाला तोंडाने सांगायची लाज वाटली, म्हणून त्याने आपल्या भाषेत सांगितलं. आपल्या दोघांनाच येते त्या भाषेत. मी रडले, पण मला ते बरं वाटलं, खोटं नाही सांगत. कितीतरी वर्षं मी ते धरून होते. निदान त्याने सांगितलं तरी. मग आई गेली आणि तिच्या अंत्ययात्रेच्या दिवशी तू लोकांना तिची जुनी पाककृतींची वही दाखवत होतास, आर्लेतचा 'र' कसा सुंदर म्हणून. तेव्हा मला कळलं की तू ते वाचलंच नव्हतंस. काही म्हणायचंच नव्हतं तुला. ते जास्त वाईट होतं, पपा."

"म्हणून लॅम्पशेड करायचं?"

"म्हणून तिथे ठेवला. तू सोडून या शहरात रस्त्यावरून जाताना ते वाचणारं कोण आहे? म्हटलं, बघू, कधीतरी वाचतोस का."

आन्सेल्मच्या मनात उत्तर होतं. ते काय होतं हे त्याला घशापर्यंत कळत होतं, पण तोंडात येईपर्यंत ते भलतंच झालं. तो म्हणाला, "मी सगळा संग्रह तुला देतोय. डिसेंबरात लिहून टाकतो. सगळ्या पेट्या. तुझ्याशिवाय आहे कोण?"

सोलेनने समोरची वही मिटली. "सदर सोलेन," ती म्हणाली, "यापुढे काहीही मागणार नाही." मग ती उठली, गॅस बारीक केला आणि मागे न वळता म्हणाली, "सूप घेणार का?"

त्याने घेतलं. नाही म्हणून निघून जायला हवं होतं, पण पाय दमले होते आणि बाहेर गारठा होता. दोघं समोरासमोर बसून जेवली. यान आणि मुलं पोहायला गेली होती. सूप अळणी होतं. मिठाची बरणी तिच्या कोपरापाशी होती, आणि आन्सेल्म चमचा हातात धरून थांबला, आणि त्याला ते जुनं वाक्य आठवलं, ते नुसतं म्हणायचं होतं, चार शब्द. ती बरणीकडे बघत होती. तिलाही आठवलं असणार. मग तिने काही न बोलता बरणी त्याच्याकडे सरकवली आणि वही ओढून तपासायला लागली.

पुढच्या आठवड्यात गॅसवाल्यांनी खड्डा बुजवला, पण तो आता पलीकडच्याच बाजूने जायला लागला. रोज जायचा आणि रोज काचेसमोर उभा राहायचा. चार ओळी. वाचायला वेळ लागत नसे. एवढ्या वर्षांनी त्याला प्रथमच दिसलं की राजीखुशीने या शब्दापाशी कारकुनाचा हात थांबला होता, शाई जरा साचली होती, आणि तो विचार करायला लागला की त्या वेळी कारकुनाने मान वर करून मुलीकडे पाहिलं असेल का. मग त्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा शाईकडेच बघतो आहोत. सोलेनला फोन करावा असं त्याला वाटायचं. काय म्हणायचं तेही ठरत आलं होतं. मी वाचलं, एवढंच. घरी येऊन तो कोट काढायचा, फोनशेजारी बसायचा, आणि मग वाटायचं, उद्या, जरा दम खाऊन.

शुक्रवारी दिव्याला किमतीची चिठ्ठी लटकत होती. आन्सेल्म आत शिरला तेव्हा दुकानात एक तरुण जोडपं उभं होतं आणि मादाम शाझाल तो दिवा काचेतून उचलून टेबलावर आणत होती. मुलीने हातमोजा काढला होता आणि ती एक बोट त्या ओळींवरून हलकेच फिरवत होती.

"विकायचा नव्हता ना?" तो म्हणाला.

"सकाळीच फोन आला," शाझालबाई म्हणाली. "म्हणाल्या, विकून टाका आता, काम झालं. आणि बघा, तासाभरात गिऱ्हाईक." मग ती जोडप्याकडे वळली. "तुम्ही विचारत होतात ना? या मुस्यूंना येतं वाचता. विचारा त्यांना."

"खरंच?" मुलगी म्हणाली. "आम्ही जानेवारीत लग्न करतोय. नव्या घरासाठी घेतोय. काय लिहिलंय हो यात?"

तिघंही त्याच्याकडे बघत होती. बल्ब लावलेलाच होता आणि अक्षरं स्वच्छ दिसत होती. आन्सेल्मने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि सदर हुंड्याच्या मोबदल्यात, तो मनात म्हणाला, सदर क्लोदिन. मुलीचं बोट अजून तिथेच होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "ठराविक मजकूर आहे. सही मागच्या बाजूला आहे, ती बघा."